डिझेलभाऊंची गोल्फगाडी

डिझेलभाऊंना खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच पडून होतं. हॉस्पिटलात सगळे त्यांना डिझेलभाऊ म्हणत. मोठे डॉक्टर, आया, झाडूवाले, गेटवरचा नवा पहारेकरीसुद्धा, आणि तोही आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तेहतीस वर्षं माणूस दोन इंजिनांच्या मध्ये उभा राहिला की त्याच्या अंगाला तोच वास लागतो आणि तेच नाव पडतं. भाऊंना त्याचं काही वाटत नसे. एकूणच वाटून घेणं हा त्यांचा प्रांत नव्हता. ते काम घरात बायकोकडे होतं, आणि ती ते दोघांच्या वाटचं करायची.

जनरेटरची खोली हॉस्पिटलच्या पार मागच्या अंगाला, एका बाजूला बॉयलर आणि दुसऱ्या बाजूला धुलाईची मोठी यंत्रं. वीज गेली की भिंतीवर लाल दिवा लागायचा, आणि तो लागल्यापासून चौदा सेकंदांत भाऊंचं इंजिन सुरू झालेलं असायचं. नियमाच्या पुस्तकात तीस सेकंद होते. चौदा हा भाऊंचा घरचा नियम, आणि तो त्यांनी तापातसुद्धा मोडला नव्हता.

इंजिनाची तब्येत ते हातानं बघत. त्या खोलीत कानाला काय कळणार? पंजा इंजिनावर टेकवायचा, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचं नोझल गळतंय." खोलून बघावं तर तिसऱ्याचंच. बाहेरून दुरुस्तीला येणारे इंजिनिअर येताना नाक मुरडत यायचे आणि जाताना भाऊंना चहा पाजून जायचे.

बायको वरच्या इमारतीत शिवणखोलीत होती. फाटलेल्या चादरी, उसवलेले अभ्रे, डॉक्टरांच्या डगल्यांची सुटलेली बटणं. तिला सगळे वहिनी म्हणत. रोज एक वाजता वहिनी डबा घेऊन चढ उतरून खाली यायच्या आणि दोघं बॉयलरच्या भिंतीशी जेवायची. भाऊ बाकावर बसत. वहिनी बाकावर बसत नसत. त्या एक मोडकं स्टूल ओढून त्यांच्या बरोबर समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसायच्या. बॉयलरवाला त्यावरून चिडवायचा, "वहिनी, तीस वर्षं झाली की लग्नाला. अजून तोंडच बघत जेवता होय यांचं?" वहिनी हसायच्या आणि भाऊंकडे वळून म्हणायच्या, "हे म्हणतायत, मी अजून तुमचं तोंडच बघत जेवते." मग भाऊ हसायचे. वहिनींची ती खोडच होती. कुणी काही बोललं की त्या ते पुन्हा एकदा सांगायच्या. लोकांनी ते सोडून दिलं होतं. काही माणसांना सगळं दोनदा बोलायची सवय असते.

मग वहिनी आजारी पडल्या. आजाराचं नाव मोठं होतं आणि त्याला औषध थोडं होतं, एवढं सांगितलं की पुरे.

उपचार वरच्या इमारतीत आणि तपासण्या खालच्या. मधला रस्ता अडीचशे पावलांचा, पण चांगला दम काढणारा चढ. चालता न येणाऱ्या रोग्यांसाठी हॉस्पिटलात एक गोल्फगाडी होती. कुठलंसं गोल्फचं मैदान बंद पडलं तेव्हा तिथल्या लोकांनी ती दान केलेली. पांढरी, वर छत, दोन्ही बाजूंनी उघडी, सीटखाली सहा बॅटऱ्या. दान करणाऱ्यांनी बॅटऱ्या कधी पाहिल्या नसाव्यात. गाडी रोज थोडी थोडी मरत होती. आधी चार माणसं घेऊन चढायची, मग दोन, मग एक आणि तेही हलकं असेल तर.

वहिनी तेव्हा हलक्याच झाल्या होत्या. तरी एके दिवशी चढाच्या मध्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, गाडी थांबली. चालवणारा नुसताच चाक धरून बसला. डिझेलभाऊ मागनं ढकलायला लागले. वहिनी सीटवर वळल्या, त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं ते डिझेल बसवा याला एकदाचं."

भाऊ म्हणाले, "बसवतो."

त्या हसल्या. हे त्यांचं भाऊंच्या ओळखीचं शेवटचं हसू. नंतरचे अकरा दिवस नळ्या आणि झापड यांतच गेले.

त्या गेल्या तेव्हा भाऊ रडले नाहीत. महिनाभर नाही, दोन महिने नाही. लेक आली, आठवडाभर राहिली, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि भाऊंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला तोही इंजिन पुसल्यासारखा. खूप वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो. भाऊंचं सगळं अंग तसं झालं होतं. ते कामावर जात होते, चौदा सेकंद चुकत नव्हते, जेवत होते, झोपत होते. त्यात ते स्वतः कुठे नव्हते.

आणि घर गप्प झालं. असं सगळेच म्हणतात, कुणी गेलं की घर गप्प होतं. पण भाऊंच्या घरात ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. दाराची बेल वाजेनाशी झाली. पूर्वी दिवसातनं चारदा वाजायची, आणि वहिनी म्हणायच्या, "बेल वाजली, बघा हो कोण आहे." आता कुणी येतच नव्हतं. महिना उलटला की लोक यायचे बंद होतात, हे भाऊंनी ऐकलेलं होतं, त्यामुळे त्यांना त्याचा राग आला नाही. लेकीचा फोनही येईनासा झाला. दोन दिवसांच्या प्रवासावर राहते, तिचा संसार, तिची नोकरी. भाऊ स्वतः रविवारी फोन लावायचे. ती काहीतरी पुटपुटायची. भाऊ "हं, हं, बरंय" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. पोरीचा आवाजच बसलाय दुःखानं, असं त्यांना वाटायचं.

कुकरचंही तेच. कुकर शिट्टीच देईना. दोनदा भात करपला, एकदा तळ काळा झाला. आता भाऊ म्हणजे हाडाचे मेकॅनिक. त्यांनी शिट्टी खोलली, भोक तारेनं साफ केलं, रबर बदललं, तरी जमेना तेव्हा नवीन शिट्टी आणली. तीही मुकी. मग ते कुकरसमोर स्टूल टाकून बसायला लागले. वाफेचा झोत दिसला की गॅस बंद. उत्तम चालायचं. वहिनी गेल्यापासून वस्तूंनीसुद्धा बोलणं टाकलंय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. असल्या गोष्टी मनात येणारा माणूस नव्हे तो, पण आलं खरं. दुःख दुःख म्हणतात ते हेच असणार, जग असं कापूस भरल्यासारखं होणं, असं धरून ते चालले.

लोकही तेच धरून चालले होते. "डिझेलभाऊंना धक्का बसलाय. हाक मारली तर ओ देत नाहीत." मग लोकांनी हाका मारणं कमी केलं. चांगुलपणानंच.

चार महिने असे गेल्यावर एका सकाळी सूचनाफलकावर भंगाराची यादी लागली. गंजलेल्या खाटा चाळीस, चाकांच्या खुर्च्या नऊ, गोल्फगाडी एक. भाऊंनी ती यादी दोनदा वाचली आणि सरळ मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. मेट्रनबाई म्हणजे हॉस्पिटलची शिस्त दोन पायांवर. मोठे डॉक्टरसुद्धा त्यांच्या दारावर टकटक करून आत जात. खुर्चीच्या मागं भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी होती. ती नसती तरी चाललं असतं.

"ती गाडी मला द्या," भाऊ म्हणाले. "मी तिला डिझेलवर करतो."

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी?"

"चढासाठी. पेशंटसाठी."

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं भाऊंनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की गाडी जिथं थांबली होती, त्या टाकीपाशी ती डिझेलवर न थांबता जाईल, त्या क्षणी त्यांच्या आत अडकलेलं काहीतरी सुटेल. इंजिनात हवा धरली की असंच होतं. डिझेल असतं, सगळं जागेवर असतं, पण चालत नाही. एक नट सैल करून हवा काढून टाकावी लागते. गाडी म्हणजे तो नट, असं त्यांचं गणित होतं.

मेट्रनबाई शब्द तोलून बोलणाऱ्या. भाऊ त्यांच्या ओठांकडे बघत होते. "भंगाराचा ट्रक शेवटच्या शनिवारी येतो," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मला चढ चढून दाखवा. रोगी बसवण्याजोगी असेल तर ठेवीन. नाहीतर ती खाटांबरोबर जाईल. मग माझ्याकडे पुन्हा यायचं नाही."

साडेतीन आठवडे होते. भाऊंनी पाळी संपल्यावरचा सगळा वेळ त्यात घातला. रविवारच्या फोनवर लेकीला तेवढं सांगितलं, आईनं सांगितलेली गाडी करतोय.

बॉयलरच्या मागे जुन्या पाण्याच्या पंपाचं एक डिझेल इंजिन धूळ खात होतं. एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, हँडल मारून सुरू करायचं. भाऊंनी ते मागून घेतलं. गाडीच्या बॅटऱ्या काढल्या, विजेची मोटर काढली. चौकट बॅटऱ्यांच्या ॲसिडनं खाल्ली होती, तिला लोखंडी अँगल जोडून घेतला. इंजिन मागच्या सीटखाली बसवलं, त्याच्या पुलीवरून पट्टा, पट्ट्यावरून साखळी, साखळीवरून मागची चाकं. पायाखाली एक पेडल. दाबलं की पट्टा ढिला आणि गाडी जागेवर, सोडलं की पट्टा ताठ आणि गाडी चालू. कागदावर एक रेघ न काढता केलेलं काम. बॉयलरवाला मदतीला होता. मदत म्हणजे बादली पालथी घालून त्यावर बसणं आणि प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणणं.

पहिल्या चाचणीला भाऊंनी हँडल मारलं, इंजिन धरलं, ते चालकाच्या सीटवर बसले, पेडल सोडलं आणि गाडी अत्यंत ऐटीत मागे गेली. मेट्रनबाईंच्या गुलाबाच्या तीन कुंड्या घेऊनच थांबली.

भाऊंनी कपाळाला हात लावला. विजेची मोटर दोन्हीकडे फिरते, बटण दाबलं की उलटी, दाबलं की सुलटी. डिझेल एकाच बाजूला फिरतं आणि त्याला बटणाची भाषा कळत नाही. तेहतीस वर्षं डिझेलसोबत काढलेल्या माणसानं ही चूक करावी. भाऊंची इंजिनं कुठे जातच नसत ना. जनरेटर जागेवरच फिरतो, तो कुठल्या बाजूला फिरतो हे कोण विचारतं? इंजिन पुन्हा काढून, तोंड फिरवून बसवायला पाच दिवस गेले. कुंड्या भाऊंनी नव्या आणून ठेवल्या. मेट्रनबाईंनी मोजून घेतल्या.

मग राहिला आवाजाचा प्रश्न. भाऊ काही खुळे नव्हते. हॉस्पिटल आहे, रोगी आहेत, आवाज नको, हे त्यांना कळत होतं. त्यांनी आग विझवायच्या नळकांड्याचा रिकामा डबा कापून, आत जाळी आणि काचेची लोकर भरून धुरांड्याला डबल सायलेन्सर केला. इंजिनाखाली जुन्या टायरचे जाड तुकडे घातले. मग मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि इंजिन चालू केलं. पाण्यावर बारीक सुरकुती उठली, पण थेंब सांडला नाही. भाऊंनी पंजा सीटवर ठेवला, मग धुरांड्यासमोर धरला. मऊ लागलं. सगळं मऊ लागलं.

"आवाज कसा आहे?" त्यांनी बॉयलरवाल्याला विचारलं.

बॉयलरवाला अठ्ठावीस वर्षं वाफेच्या शिट्ट्यांखाली उभा होता. त्यानं मान कलती करून ऐकलं. "कसला आवाज?" तो म्हणाला.

दुसऱ्या पाळीचा जनरेटरवाला आला, त्यालाही विचारलं. त्यानं विचारपूर्वक सांगितलं, "मांजर घुरघुरतंय जणू." शेजारी धुलाईची यंत्रं दणदण करत होती, बॉयलर फुसफुसत होता, आणि त्या तिघांनी एकमतानं गाडीला पास केलं. अशी पारख करायला त्या हॉस्पिटलात याहून वाईट तीन माणसं शोधून सापडली नसती.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता चढाच्या पायथ्याशी मंडळी जमली. मेट्रनबाई वरच्या टोकाला, वॉर्डाच्या दारात, हातात यादी घेऊन. शिवणखोलीतली मावशी खाली आली. वहिनींच्या शेजारच्या मशीनवर ती वीस वर्षं बसली होती. "रोग्याच्या जागी मी बसते," ती भाऊंसमोर उभी राहून म्हणाली. "तिच्या जागेवर. चालेल ना भाऊ?"

भाऊंनी मान हलवली. लेकीनं हट्टानं घेऊन दिलेला फोन शर्टाच्या खिशात होता, त्या खिशाचं बटण लावलं, बाह्या वर केल्या आणि हँडल मारलं.

गाडी निघाली. पहिली पन्नास पावलं सपाट, मग चढ. इंजिनानं दम न खाता चढ धरला. पट्टा घसरला नाही, साखळी उडाली नाही. भाऊंच्या बुडाखाली ती मऊ थरथर, तळहाताखाली चाक. पाण्याची टाकी जवळ आली. भाऊंनी श्वास धरला. टाकी शेजारी आली. टाकी मागे गेली.

काही झालं नाही.

आत काही सुटलं नाही. टाकी ही टाकी होती, तिला गळका नळ होता, खाली शेवाळ होतं. गाडी चढत राहिली. भाऊ वाट बघत राहिले, पुढच्या वळणावर होईल, वर पोचल्यावर होईल. पण ते उगाच स्वतःला समजावत होते आणि त्यांना ते समजतही होतं.

मात्र वॉर्डाच्या खिडक्यांत माणसं दिसायला लागली. नर्सेस धावत येत होत्या. एकीनं दोन्ही हात कानांपाशी नेले, दुसरी जोरजोरात हात हलवत होती. कुणी खिडकी लावत होतं, कुणी उघडून बघत होतं. गाडीचं असं स्वागत होईल, हे भाऊंना अपेक्षित नव्हतं. त्यांनी एक हात उचलून उलट सलाम केला.

वर पोचून त्यांनी इंजिन बंद केलं. मेट्रनबाई तरातरा आल्या. त्यांचे ओठ भराभर हलत होते. भाऊंना त्यातलं काही धरता येईना, पण अशा वेळी काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं.

"हो मॅडम," ते म्हणाले. "पाणीसुद्धा सांडत नाही."

मेट्रनबाई थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "आवाज, डिझेलभाऊ. आवाज. अतिदक्षतेतल्या बाटल्या हलल्या. एक म्हातारे उठून बसले, छत पडलं म्हणून."

"आवाज?" भाऊ हसले. "आवाजच नाही. विचारा की बॉयलरवाल्याला."

कुणी हसलं नाही. भाऊंनी वळून मावशीकडे पाहिलं. ती मागच्या सीटवर दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती. ती आता हळूहळू बोटं काढत होती, आणि तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

आणि तेवढ्यात ते झालं. भाऊंच्या खिशातला फोन वाजायला लागला. लेकीनं जाताना त्याचा आवाज पार वरपर्यंत चढवून ठेवला होता. रस्ता शांत, इंजिन बंद, आणि फोन छातीवर कर्कश वाजतोय. सगळे भाऊंच्या खिशाकडे बघायला लागले. भाऊ त्या सगळ्यांकडे बघत होते, शाबासकीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या सौम्य चेहऱ्यानं. फोन पूर्ण वाजून बंद झाला. मग पुन्हा लागला. भाऊ उभेच.

मावशी खाली उतरली. तिनं भाऊंच्या खिशात हात घालून फोन बाहेर काढला आणि त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर दिवा लागला होता आणि लेकीचं नाव होतं.

"हा वाजला?" भाऊंनी विचारलं.

"दोनदा," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या आता भाऊंच्या अगदी समोर आल्या होत्या, आणि त्यांचा आवाज कसा झाला होता ते भाऊ सोडून सगळ्यांना कळलं. "डिझेलभाऊ, तुम्हाला ऐकू येईनासं होऊन किती दिवस झाले?"

"येतं की," भाऊ म्हणाले. "हिचं सगळं ऐकू येत होतं."

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांच्या पुढ्यात पडून राहिलं. त्यांनी मावशीकडे पाहिलं.

मावशी रडायला लागली. "तिनं शपथ घातली होती, भाऊ," ती म्हणाली. "दहा-बारा वर्षं झाली असतील. तिला कळलं होतं. म्हणाली, यांना कळू द्यायचं नाही, हॉस्पिटलालाही नाही. यांना जनरेटरवरनं काढून गेटावर बसवतील, आणि गेटावर बसला तर हा माणूस सहा महिने काढायचा नाही. म्हणून ती समोर बसायची. म्हणून सगळं पुन्हा सांगायची. तुम्ही तिचे ओठ वाचायचात आणि तुम्हाला वाटायचं ऐकू येतंय. मी म्हटलं, अगं, कधीपर्यंत? तर म्हणाली, मी आहे तोपर्यंत."

भाऊंना पहिल्यांदा आठवली ती कुकरची शिट्टी. तिच्यात काही बिघाड नव्हता, तरी दोनदा खोलली, नवी आणली. मग दाराची बेल. म्हणजे लोक येत होते. दारात उभे राहून, वाजवून वाजवून, परत जात होते. लेकीचा आवाज बसलेला नव्हता. जगात कापूस कुणी भरला नव्हता, सहा महिन्यांपूर्वीही ते तसंच होतं. फक्त तेव्हा त्यांच्यासमोर एक बाई स्टूल ओढून बसलेली होती, आणि सगळं जग उचलून पुन्हा एकदा त्यांना सांगत होती. इतकी वर्षं त्यांना लोकांनी चिडवलं, त्यांनाही वाटलं, बायको आपलं तोंड बघते. ती आपलं तोंड त्यांना दाखवत होती.

भाऊ गाडीच्या मागच्या सीटवर बसले, तिच्या जागेवर. खाली इंजिन अजून कोमट होतं.

मेट्रनबाईंनी यादी समोर धरली. त्या घसा खाकरून म्हणाल्या, "पेशंटला ही चालणार नाही, ते तुम्हालाही कळतंय." भाऊंनी मान हलवली. मग बाईंनी मावशीला विचारलं, "धुलाईची गाठोडी मागच्या रस्त्यानं कशी नेता तुम्ही?"

"हातगाडीवर. चौघी लागतात."

मेट्रनबाईंनी यादीतल्या एका ओळीवर काट मारली. "तिकडे तसंही कुणाला काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि डिझेलभाऊ, सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे यायचं. जनरेटर तुमच्याकडेच राहील, ते मी बघते. चौदा सेकंद मला दुसरं कोण देणार आहे?"

फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी मावशीनं तो उचलला. "हो, मी मावशी. इथंच आहेत. बरे आहेत. थांब." आणि काय करावं ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती भाऊंच्या समोर आली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, फोन कानाला लावला, तोंड त्यांच्याकडे केलं.

"ती विचारतेय, फोन का उचलत नाही. चार महिने रोज करतेय म्हणते."

भाऊ तिच्या ओठांकडे बघत होते. "सांग तिला," ते म्हणाले, "आई सांगायची वाजला की."

मावशीनं सांगितलं. मग मावशी म्हणाली, "ती विचारतेय, आईनं सांगितलेली गाडी झाली का."

"झाली," भाऊ म्हणाले. "चढली. टाकीपाशी थांबली नाही म्हणावं."

आणि तिथं ते सुटलं. टाकीपाशी नाही, वळणावर नाही. डिझेलभाऊंनी पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकलं आणि ते रडायला लागले. रडणं किती मोठ्यानं चाललंय ते माणसाला स्वतःच्या कानांनी कळतं, मग तो ते आवरतो. भाऊंना ते कळायला मार्ग नव्हता. वॉर्डाच्या खिडक्या पुन्हा उघडल्या. एक नर्स दारापर्यंत आली. मेट्रनबाईंनी तिला हातानंच मागे सारलं, आणि त्या हॉस्पिटलात पहिल्यांदाच कुणाला गप्प केलं नाही.

भाऊंनी बऱ्याच वेळानं मान वर केली. मावशी तशीच समोर होती, फोन कानाला.

"ती विचारतेय," मावशी म्हणाली, "हा कसला आवाज येतोय."

"गाडीचा आहे म्हणावं," डिझेलभाऊ म्हणाले.

गाडी केव्हाची बंद होती. मावशीनं तसंच सांगितलं.